बांधलेल्या टॉवेलामागे

राख पडायची थांबली त्याला तेवीस दिवस झाले होते, आणि शहराला स्वच्छतेची भीती वाटू लागली होती.

खाडीपलीकडचा ज्वालामुखीचा डोंगर धुमसत असतो तोवर कागोशिमात सगळं ठीक चाललेलं असतं. सकाळच्या बातम्यांत आधी राखेची दिशा ऐकायची, मग कपडे कुठे वाळत घालायचे ते ठरवायचं. अंगण झाडायचं, राख भरलेल्या पिवळ्या पिशवीचं तोंड बांधायचं आणि कोपऱ्यावर नेऊन ठेवायची. ही आमची शिस्त होती, आणि एका अर्थाने प्रार्थनाही. जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात डोंगर एकाएकी गप्प झाला. श्वास आत ओढून घ्यावा आणि सोडायलाच विसरावं, तसा. छपरं धुतल्यासारखी चमकू लागली. वर्षानुवर्षं घरात कपडे वाळवणाऱ्या बायकांनी भीत भीत गच्चीवर चादरी टाकल्या, आणि संध्याकाळी त्या पांढऱ्याशुभ्र परत आल्या तेव्हा कुणालाच आनंद झाला नाही. शेजारच्या समेशिमांनी मला धक्क्याच्या पायऱ्या दाखवल्या. तिथली शेवाळाची हिरवी रेघ भर भरतीतही पाण्याबाहेर राहत होती.

"चाळीस वर्षं मी बोटीच्या इंजिनात डोकं घालून काढली, नोझोएबाई," ते म्हणाले. "समुद्र खाली गेलेला नाही. जमीन वर आली आहे. खालून कुणीतरी कूस बदलतंय."

नऊ ऑगस्टला सूचना आली. तेरा तारखेपासून वारा पूर्वेचा होणार होता, म्हणजे डोंगराकडून थेट शहरावर. त्या वाऱ्यात डोंगर फुटला तर पाच-सहा तासांत कंबरभर राख साचेल. आणि चार बोटं राखेतसुद्धा गाडीची चाकं जागच्या जागी फिरतात. तेव्हा फुटण्याची वाट न पाहता निघायचं होतं. आमच्या भागाला अकरा तारीख मिळाली, शेवटची बस दुपारी तीनची. तेराला ओबोन सुरू होणार होतं. गेलेली माणसं तीन दिवस घरी परततात ते दिवस. त्यांच्या येण्याच्या दोन दिवस आधी आम्ही घरं रिकामी करणार होतो. हे सगळ्यांच्या मनात होतं आणि बोललं कुणीच नाही.

आमची आळी टेकडीच्या उतारावर आहे. अकरा घरं, आणि अगदी वर, वळणापाशी, बारावं, अरिमुरांचं. ते चार वर्षांपूर्वी वारले तेव्हापासून बंद आहे. अकरा घरांची गटप्रमुख मी, नोझोए इकुए. गटप्रमुखाचं काम सोपं असतं. जो घर सोडतो तो फाटकाला पांढरा टॉवेल बांधतो: आम्ही सुखरूप निघालो, आमच्या दाराशी वेळ घालवू नका. गटप्रमुखाने शेवटी एक फेरी मारायची, टॉवेल मोजायचे, आकडा शाळेच्या मैदानावर सांगायचा. नियमपत्रिकेत नसलेला एक नियमही सगळ्यांना माहीत आहे. टॉवेल बांधलेल्या घराची बेल वाजवायची नाही. वाजवणं म्हणजे त्या माणसाच्या शब्दावर संशय घेणं. आणि उतारावर पिढ्यान् पिढ्या शेजारी राहायचं तर काही संशय घ्यायचे नसतात.

दर जानेवारीत याची तालीम होते. सहा वर्षांपूर्वी मी पहिल्यांदा गटप्रमुख झाले, त्या सकाळी मैदानावर गार वारा सुटला होता आणि आमची आख्खी आळी पाऊण तास एका माणसासाठी ताटकळत उभी होती. पाचव्या घरातल्या हिदाका तोमी. वय तेव्हा अठ्ठ्याहत्तर, दोन्ही गुडघे गेलेले. कठड्याला धरून त्या एकेक पायरी उतरत आल्या आणि शंभर वेळा वाकून माफी मागत राहिल्या. आमची आळी शेवटून दुसरी आली. पुढच्या वर्षी तालमीच्या आदल्या दिवशी मी त्यांच्याकडे गेले.

"हिदाका आजी, एवढ्या थंडीत कशाला उतरता? टॉवेल तेवढा बांधा. मी मोजीन."

"चालेल असं?"

"तालीमच तर आहे."

त्यांनी दोनदा आभार मानले. त्या वर्षापासून आमची आळी दर वेळी पहिली. आमच्या भागाचे प्रमुख उवातोको कर्ण्यातून जाहीर करायचे, "चौथी आळी, अकरापैकी अकरा!" आणि टाळ्या पडायच्या. मीही वाजवायचे.

दहा तारखेला मी घरोघर जाऊन आले. गॅस बंद करा, न्हाणीघरातल्या टबात पाणी भरून ठेवा, खिडक्यांच्या फटींना चिकटपट्टी लावा, फावडं आत ठेवा, नाहीतर परत आल्यावर फाटक उकरायला काही हाताशी नसेल. हिदाका आजी बैठकीच्या खोलीत बसल्या होत्या आणि त्यांच्याभोवती टॉवेल होते. दुकानदार नववर्षाला देतात तसे पातळ, पांढरे, कागदी वेष्टणातले. तांदळाचं दुकान, छत्र्यांचं दुकान, केव्हाच बंद पडलेला न्हावी. त्या वेष्टणं फाडत होत्या आणि टॉवेलांची चळत रचत होत्या.

"अहो, दुकान मांडताय की काय?"

"लोक आयुष्यभर देत राहिले. वापरायला मन झालं नाही." त्यांनी एका टॉवेलाची घडी तळहाताने दाबली. "तू जेवलीस का? रताळं उकडलंय."

"उद्या मी न्यायला येते. साडेबाराच्या बसला बसवते तुम्हाला."

"छे, छे. तुला दहा घरांची कामं. मी बांधीन टॉवेल."

"नक्की?"

"सहा वर्षांत एकदा तरी चुकवलाय का?"

त्या हसल्या. मीही हसले. त्यांनी चुकवला नव्हता हे खरंच होतं. आणि एवढंच उत्तर ऐकून मी पुढच्या घरी गेले.

अकरा तारखेचं आकाश इतकं निळं होतं की त्याच्याकडे पाहवत नव्हतं. दहाची बस गेली, साडेबाराची गेली. समेशिमांची बायको आदल्या दिवशीच मुलीकडे गेली होती. ते एकटे फाटकात उभे होते, काखेत चादरीचं गाठोडं.

"गटप्रमुखबाई, बसची जागा माणसाला असते की नावाला?"

"माणसाला."

"मग आमची सात जणं राहतात की." त्यांनी गाठोडं किंचित उघडलं. देव्हाऱ्यातल्या काळ्या लाखेच्या पाट्या, प्रत्येकीवर गेलेल्या एकाचं नाव. "ही सासू. जिवंत होती तेव्हा एकटीला दोन जागा लागायच्या. आता बघा, कशी मुठीत मावते."

"मांडीवर घ्या सगळ्यांना."

"सासूला मांडीवर? बायकोला कळलं तर डोंगराआधी तीच फुटेल."

ते उतरून गेले. मी वर चढले, शेवटच्या फेरीसाठी. पावणेदोन वाजले होते. मोजायचं वरून खाली, म्हणून मी वळणापर्यंत गेले, आणि तिथे थांबले. अरिमुरांच्या गंजलेल्या फाटकाला टॉवेल बांधला होता.

तो नवा नव्हता. कडेला विरलेला, पण पांढरा. गाठ नीट, दोन पेडांची, टोकं समान. चार वर्षांच्या वेलींनी फाटकाला घट्ट वेढलं होतं आणि त्यातली एकही तुटलेली नव्हती. खिडक्यांच्या फळ्या तशाच ठोकलेल्या. मी बेलच्या बटणाकडे पाहिलं. त्यावर जुन्या राखेचा थर होता, आणि मी हात मागे घेतला. रिकाम्या घराची बेल काय वाजवायची? शिवाय टॉवेल बांधलेला होता. सवयीत अशी एक सोय असते की ती तुमच्या वतीने विचार करून मोकळी होते. मी स्वतःला सांगितलं, हिदाका आजींनी बांधला असेल, ढीगभर होते त्यांच्याकडे. आणि उतरू लागले.

दोन, तीन, चार. प्रत्येक फाटकावर पांढरी गाठ. आमच्या शहरात बाहेर ठेवलेली कुठलीच गोष्ट पांढरी राहत नाही. दोन तासांत तिच्यावर करडी साय धरते. हे टॉवेल मात्र सकाळपासून तसेच होते, आणि वारा इतका पडलेला की एकाचंही टोक हलत नव्हतं. बंद घरांच्या दोन रांगा माझ्याकडे पाहत होत्या. ज्या घरात कुणीच नाही ते आणि ज्या घरात कुणीतरी हालचाल न करता बसलं आहे ते, बाहेरून अगदी सारखं दिसतं. हे मला त्या उतारावर, त्या उजेडात, पहिल्यांदा जाणवलं. पाचव्या घराशी माझी पावलं मंदावली. टॉवेल होता. मी मोजला.

मैदानावर शेवटची बस उभी होती, रोजचीच शहर-बस, कपाळावर ठिकाणाच्या जागी कोरी पट्टी.

"चौथी आळी?" उवातोकोंनी विचारलं. कर्णा गळ्यात, हातात तक्ता.

"बारा," मी म्हणाले.

"तुमची अकरा घरं ना?"

"हो. अकरा. अकरापैकी अकरा."

"आज पण पहिल्या!" ते थकून हसले. या वेळी टाळ्या वाजल्या नाहीत.

मी बसमध्ये डोकावले. मग समेशिमांना विचारलं, "हिदाका आजी साडेबाराच्या बसने गेल्या ना?"

"गेल्या असतील. टॉवेल होता की."

"तुम्ही पाहिलंत त्यांना चढताना?"

त्यांनी गाठोडं एका मांडीवरून दुसऱ्या मांडीवर घेतलं. "नाही. दहाच्या बसला असतील."

आळीतल्या तांदूळवाल्या बाई म्हणाल्या, दहाच्या बसला नव्हत्या, साडेबाराच्या असतील. पुढच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, टॉवेल होता. मागून कुणीतरी तेच म्हणालं. मग सगळे एकदम खिडकीबाहेर पाहू लागले, आणि मला कळलं की हे सहा वर्षं सगळ्यांना ठाऊक होतं. दर जानेवारीत टाळ्या वाजवताना प्रत्येक जण हाच हिशेब मनात मिटवून टाकत होता. पण तो शब्द माझा होता. मी मोजीन, असं मीच म्हटलं होतं.

"तीनला निघावंच लागेल, नोझोएबाई," उवातोको हळू म्हणाले. "तीनला महामार्ग बंद करतायत."

दोन वाजून वीस मिनिटं झाली होती.

मी पुन्हा उतार चढले. पाचव्या फाटकाशी उभी राहिले तेव्हा छाती फुटायच्या बेतात होती, पण बटणावर बोट ठेवायला जे बळ लागलं ते चढणीला लागलं नव्हतं. बेल घरभर वाजली. उत्तर आलं नाही. मी पुन्हा वाजवली. मग टॉवेलाची गाठ सोडली, तो मुठीत घेतला आणि दार लोटलं. ते उघडंच होतं.

आत सगळं आवरलेलं. टबात पाणी भरलेलं, गॅस बंद, खिडक्यांना पट्ट्या. माझी एकही सूचना सुटली नव्हती. देव्हारा रिकामा होता. बैठकीत टॉवेलांची फाडलेली वेष्टणं एकावर एक रचून वर चहाची वाटी ठेवली होती, उडू नयेत म्हणून. वाटी अजून कोमट होती.

मागच्या दाराने एक सपाट पायवाट निघते आणि टेकडीच्या पोटाला वळसा घालून थडग्यांपाशी जाते. आमच्याकडे थडग्यांना छपरं असतात, राख पडू नये म्हणून. चार खांब, वर पत्रा, आत दगड आणि ताजी फुलं. लांबून ते एखादं छोटं, ठेंगणं गाव वाटतं. मी वळसा घालून आले आणि ते गाव पाहिलं. प्रत्येक छपराच्या उजव्या खांबाला पांढरा टॉवेल बांधलेला होता. रांगेमागून रांग, साठ-सत्तर गाठी, सगळ्या एकाच उंचीवर, बसलेल्या माणसाच्या हाताला येतील अशा. आमच्या आळीपेक्षा ती आळी मोठी होती, आणि तिची मोजणी जवळजवळ पुरी होत आली होती.

हिदाका आजी शेवटच्या रांगेत एका पालथ्या बादलीवर बसल्या होत्या. पाठीला फडक्यात नवऱ्याच्या नावाची पाटी बांधलेली, तान्ह्या बाळासारखी. मांडीवर तीन टॉवेल उरले होते.

"आजी! बस सुटेल!"

"परवा तेरा तारीख," त्या मागे न बघता म्हणाल्या. "सगळे येतील. दिवा नाही, दार बंद, माणूस नाही. शोधत बसतील बिचारे राखेत. निघायच्या आधीच त्यांना कळलेलं बरं, की आम्ही ठीक आहोत, वेळ घालवू नका."

"बरं केलंत. आता उठा."

"मी कशाला? माझा टॉवेल बांधलाय. मोजलास ना?"

टॉवेल माझ्या मुठीतच होता.

"पहिल्या वर्षी भीती वाटली गं," त्या अगदी रोजच्या आवाजात म्हणाल्या, जणू रताळ्याचा भाव सांगतायत. "तुम्ही सगळे उतरून गेलात. मी आत. गल्लीत पाऊल वाजलं, तुझंच. फाटकाशी आलं, थांबलं, गेलं. मला वाटलं, खोकावं. मग वाटलं, आळीचा आकडा चुकेल. दुसऱ्या वर्षी खोकलाही आला नाही. टॉवेलामागे फार शांत असतं, इकुए. सवय होते. यांनाही अशीच झाली असेल." त्यांनी हनुवटीने थडग्यांकडे दाखवलं.

मी त्यांच्यासमोर बसले आणि मूठ उघडली. त्यांनी टॉवेल ओळखला. छत्र्यांच्या दुकानाची निळी कड होती.

"काढलास?"

"मी बेल वाजवली."

"टॉवेल असताना?"

"दोनदा वाजवली."

त्यांनी ती निळी कड अंगठ्याने चाचपली. खाडीपलीकडे डोंगर तसाच उभा होता, स्वच्छ, जवळ आल्यासारखा. त्याच्या अंगावरच्या घळी मोजता आल्या असत्या.

"मग लोक काय म्हणतील?" त्यांनी विचारलं, आणि त्यांचा आवाज पहिल्यांदा हलला.

"म्हणू देत."

"तीन राहिलेत."

"मी बांधते. तुम्ही गाठ सांगा."

"दोन पेडांची. टोकं सारखी हवीत."

मी दोन बांधले. तिसरं थडगं माझ्या नवऱ्याचं होतं. त्यांनी ते शेवटी ठेवलं होतं की क्रमाने आलं होतं, ते मी विचारलं नाही. टोकं सारखी करताना मी खांबाला ओठ लावले आणि आम्ही ज्या गावी जाणार होतो त्याचं नाव दोनदा सांगितलं.

पायवाटेवर चाकाची कुरकुर ऐकू आली. समेशिमा, घामाने निथळत, राखेच्या पिशव्या वाहायची एकचाकी गाडी ढकलत येत होते. थडगी पाहून ते जागीच उभे राहिले, मग घसा खाकरून म्हणाले, "आजी, बसा. राखेबरोबर नेतो तुम्हाला."

"जरा दम धर," हिदाका आजी गाडीत बसत म्हणाल्या. "ती वेळही येईलच."

उतारावर गाडी दोघांनी मागे ओढून धरली. आजी कठडा सोडून पहिल्यांदाच त्या पायऱ्यांच्या कडेने गेल्या असतील. मैदानावर पोचलो तेव्हा तीनला चार मिनिटं होती. बसमधले लोक उभे राहिले. तांदूळवाल्या बाईंनी आपली उशी बाकावर ठेवली आणि आजींना तिथे बसवलं. समेशिमांनी सात पाट्या मांडीवर घेतल्या. "सासूबाई, जरा सरका," ते पुटपुटले.

दार बंद झालं. चालकाने सांगितलं, ही बस आता मध्ये कुठेही थांबणार नाही. ती वळली तेव्हा खिडकीतून आख्खा उतार दिसला, आणि त्यावर आमचे टॉवेल, पाचव्या फाटकाची जागा तेवढी रिकामी.

"पाय दुखतायत का?" मी आजींना विचारलं. "वरच्या घरापर्यंत कशा चढलात तुम्ही?"

"कुठल्या वरच्या?"

"अरिमुरांच्या. तिथे टॉवेल बांधलात ना?"

"मी?" त्यांनी गुडघ्यावर हात ठेवला. "सहा वर्षांत त्या वळणापर्यंत गेलेय का मी? थडग्यांची वाट सपाट आहे म्हणून जमलं."

समेशिमांनी मान हलवली. त्यांनीही नव्हता बांधला.

आजींनी काचेबाहेर पाहिलं, वर, वळणाकडे. त्यांच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. शेजाऱ्याची एखादी जुनी खोड आठवावी तसं काहीतरी होतं. "अरिमुराला सदा घाई. जेवायला बोलावलं तर तासभर आधी दारात हजर. दोन दिवस आधीच आला असेल. घरं बंद बघितली, आणि म्हणाला असेल, आपल्यामुळे आळीचा आकडा कशाला चुकवा."

सगळे खिडकीबाहेर पाहू लागले, सहा वर्षं पाहत आले होते तसेच.

बेलच्या बटणावरचा तो जुना थर मला दिसत होता, आणि त्यावरून मागे घेतलेला माझा हात. आत कुणी असेल की नसेल, असेल तर कोण, हे मला ठाऊक नव्हतं. मी वाजवली नव्हती, एवढंच ठाऊक होतं. बस पुलावर चढली. माझ्या डाव्या हाताशी, खिडकीच्या चौकटीवर, पुढच्या थांब्यासाठी दाबायचं बटण होतं.

मी ते दाबलं.

बसभर बेल वाजली. प्रत्येक आसनाजवळचं बटण एकाच क्षणी लाल उजळलं. चालकाने आरशातून पाहिलं आणि वेग तसाच ठेवला. हिदाका आजींनी माझा हात हातात घेतला, पण बटणावरून काढला नाही. पुलाच्या पलीकडे बोगद्याचं तोंड दिसू लागलं, आणि मी पुन्हा दाबलं.